वन्संचा भाऊ

३ मार्च

कुत्रं आलं!

मागितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. दुपारी दारात वन्संच्या शेजारीणबाई. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात जुन्या चादरीचं गाठोडं. "तुमच्या नणंदबाई जिन्यावरून पडल्या. खुबा मोडलाय. दवाखान्यात आहेत. हा तुमच्याकडे द्यायला सांगितलाय." आणि गेल्या! पाणीसुद्धा घेतलं नाही.

वन्संनी अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं. जन्म ओल्या फरशीवर काढला. आणि पडल्या कुठे, तर कोरड्या जिन्यावर.

हे सोफ्यावर होते. हे सोफ्यावरच असतात. निवृत्त झाल्यापासून सोफा कुठे संपतो आणि हे कुठे सुरू होतात ते हलवून बघितल्याशिवाय कळत नाही. कुत्र्याकडे बघून म्हणाले, "ह्याचं नाव काय?"

मी सांगितलं नाही. त्यांना पक्कं माहीत आहे. सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे.

कुत्र्याचं नाव भाऊ.

४ मार्च

ते नाव का, ते लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, वन्संच्या घरी. ह्यांचं म्हणणं, दवाखान्यात हलवायला हवं होतं. वन्संनी हलवलं नाही. का, तेही सांगितलं नाही. हे सगळ्यांसमोर बोलले — "तूच मारलंस तिला." वन्सं कपबश्या विसळत होत्या. विसळून झाल्या, उपड्या घातल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "जा तू." हे गेले ते गेलेच.

महिन्याभरात वन्संनी रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं आणि त्याचं नाव ठेवलं भाऊ. चुलतबहिणीला म्हणाल्या म्हणे, "हा निदान हाक मारली की येतो."

तेव्हापासून त्यांच्याकडे मी एकटी जाते. ह्यांना सांगते, बाजारात गेले होते. रिकामी पिशवी आणि साडीभर कुत्र्याचे केस घेऊन बाजारातून कोण परत येतं! पण हेही काही विचारत नाहीत.

सकाळी म्हटलं, जरा फिरवून आणता का त्याला? म्हणाले, मला कुत्र्याची ॲलर्जी आहे. आहे खरी — फिरवण्याची.

६ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. वन्संच्या पायाला वजन बांधलंय, पण तोंड मोकळं आहे. पहिला प्रश्न — "जेवला का?" मला वाटलं ह्यांच्याबद्दल विचारतायत. उगाच डोळे भरून आले. मग म्हणाल्या, "कोमट दे त्याला. गरम दिलंस तर जीभ भाजून घेतो." गेले डोळे परत जागेवर.

"आणि नुसता दोरीला बांधून फिरवू नकोस. बागेत कुत्र्यांचं कुंपण आहे. तिथे मोकळा सोड. माझा वाघ आहे तो!"

"बरं, वन्सं."

७ मार्च

कुंपण म्हणजे बागेच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून. पाटीवर 'श्वानक्रीडा विभाग' असं भारदस्त लिहिलंय, पण म्हणतात सगळे कुंपणच. आत जायला एकामागे एक दोन फाटकं. पहिलं लावायचं, मग दुसरं उघडायचं, म्हणजे कोणी निसटत नाही. आत एके काळी गवत होतं म्हणे. आता माती, दोन बाकं, एक बादली आणि दहा-बारा बेभान कुत्री.

दोरी सोडली. वाघ थेट बाकाखाली!

नुसती शेपटी बाहेर, तीही थरथरत. मी वाकून हाका मारल्या — "भाऊ, ये ना! भाऊ, घाबरू नको, मी आहे ना!" तीन पुरुषांनी वळून पाहिलं. एक तर दोन पावलं पुढे आलाच!

मग शिट्टी वाजली. पांढरे बूट (त्या चिखलात पांढरे!), गळ्यात शिट्टी, वय सत्तरीचं. "नवीन? नियम वाचलेत?" फाटकावर अकरा नियम टांगलेत. वाचले. ह्यांनीच लिहिलेत, ह्यांनीच टांगलेत.

शेजारी बसलेली बाई हळूच म्हणाली, "ते अध्यक्ष. कशाचे ते विचारू नका. आम्हीही कधी विचारलं नाही." तिचं बागेसमोर केस कापायचं दुकान आहे. तिच्या कुत्र्याचं नाव बटाटा. आखूड पाय, लांबट अंग, तोंडावर सतत काहीतरी हरवल्याचा भाव. बाई मला आवडली.

अध्यक्षांच्या कुत्रीचं नाव राजकन्या. पांढरीशुभ्र, लांब केसांची — कुत्री कसली, शाम्पूची जाहिरात! तिची सात पिढ्यांची वंशावळ कागदावर आहे. मला माझ्या पणजोबांचं नाव माहीत नाही.

१० मार्च

पुन्हा बाकाखाली.

१४ मार्च

वन्संना रोज कुंपणाची खबर द्यावी लागते. "कसा खेळतो?"

"झकास! सगळ्यांना दमवतो."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

आता रोज नवीन पराक्रम रचावे लागतात. काल त्याने एका दांडग्या काळ्या कुत्र्याला चीत केलं. परवा टाकीएवढी उडी मारली. खरं म्हणजे परवा बटाटा त्याच्याकडे बघून शिंकला आणि हा माझ्या मांडीवर चढला. बावीस किलो!

१९ मार्च

काय दिवस! अजून हसतेय.

मागच्या खोलीत माझं दातांचं काम चालतं. दंतवैद्य मापं पाठवतात, मी कवळ्या बनवून देते. साचे, मेण, प्लास्टरची धूळ, फळीवर जबड्यांची रांग. भाऊला तिथे बंदी. आज कुरियरवाल्यासाठी दार उघडं राहिलं असणार.

कुंपणात पोचलो. दोरी सोडली. हा बाकाखाली गेला नाही. मधोमध उभा राहिला, माझ्याकडे वळला आणि हसला. बत्तिशी काढून हसला! वरचा एकही दात त्याचा नव्हता.

पुढाऱ्यांची कवळी! आमच्या भागातल्या पुढाऱ्यांची, शुक्रवारच्या सभेसाठी काल रात्री पॉलिश करून ठेवलेली. घरापासून बागेपर्यंत कार्ट्याने ती तोंडात जपून आणली होती आणि मला वाटत होतं, आज किती शहाण्यासारखा चालतोय!

मी झेप घेतली. तो पळाला. त्याच्यामागे बटाटा. बटाट्यामागे राजकन्या. मग सगळं कुंपणच मागे लागलं. अध्यक्षांनी शिट्टी वाजवली — "काय आहे ते? काय आहे त्याच्या तोंडात?"

"दात!" मी ओरडले.

"ते सगळ्यांनाच असतात, बाई!"

केस कापणारी बाकावर आडवी पडून हसत होती. आणि भाऊ... चार वर्षांचा घोडा, पहिल्यांदाच धावत होता. कान मागे, शेपटी वर, वळणावर माती उडवत. मी थांबले. पुढाऱ्यांचे दात गेले खड्ड्यात, म्हटलं, पळू दे.

खरंच खड्ड्यात गेले. त्यानेच खणला. मी उकरून काढले.

आज वन्संना पहिल्यांदा खरी हकिगत सांगितली. म्हणाल्या, "काहीतरी बनवून सांगू नकोस."

२१ मार्च

कवळी धुतली, औषधात बुडवली, एक दात बदलला, पुन्हा पॉलिश. पुढारी घालून गेले. म्हणाले, "पहिलीपेक्षा छान बसते. मोकळी वाटते." मी म्हटलं, "मोकळ्या हवेत फिरवून आणलीय." खो खो हसले. नव्या दातांनी.

६ एप्रिल

लिहू की नको? लिहिते. कोण वाचणार आहे!

रविवारची सकाळ, कुंपण भरलेलं. कवळीच्या प्रकरणापासून राजकन्या भाऊच्या मागेमागे असते. अध्यक्ष तिला हाका मारून दमतात. आज ते पेपर वाचत होते. पेपर खाली केला तेव्हा व्हायचं ते होऊन चुकलं होतं. आणि दोघं अडकलेली. मैदानाच्या बरोब्बर मध्यावर. पाठीला पाठ.

शिट्टी, शिट्टी, शिट्टी! "ओढा त्याला! कोणीतरी ओढा!"

"अजिबात ओढायचं नाही," केस कापणारी म्हणाली, "दोघांना इजा होईल. आपोआप सुटतात. थांबायचं."

मग थांबलो. दहा-बारा मोठी माणसं, आकाशाकडे बघत. कधी नव्हे ते सगळे एकमेकांशी हवेबद्दल बोलत होते. कुंपणाबाहेर एक लहान मुलगी आईला विचारत होती, "ते दोघं भांडलेत का गं?"

"हो."

"मग आपापल्या घरी का जात नाहीत?"

आईने तिला हाताला धरून पुढे नेलं. हा प्रश्न मलाही चौतीस वर्षांत कितीदा पडलाय.

नियम सातवा, ठळक अक्षरांत — माजावर आलेल्या मादीला आत आणू नये. केस कापणारीने त्या पाटीकडे नुसतं बोट दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "ती आलेली नव्हती! तिची तारीख पुढची होती!"

"तारीख तिला विचारून लिहिली होती का?"

मी दोरी गुंडाळत बसले. मुलाकडची बाजू. गप्प राहिलेलं बरं.

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. सोफ्याकडून काही उत्तर आलं नाही.

७ एप्रिल

अध्यक्ष घरी आले! मी मागे मेण वितळवत होते. बेल वाजली, हे उठले (हेही लिहून ठेवण्यासारखंच). बाहेरचं बोलणं जसं ऐकलं तसं —

"भाऊ इथेच राहतो?"

"मीच भाऊ. बोला." बिल्डिंगमध्ये ह्यांना सगळे भाऊच म्हणतात.

अध्यक्षांनी वरून खालपर्यंत बघितलं असणार.

"माझ्या राजकन्येला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुमच्या घराने! काल, भर बागेत!"

"अहो, मी वर्षभरात बागेत गेलेलो नाही. हिला विचारा!"

मी धावले. हसू दाबत खुलासा केला. कुत्रा पुढे आणून दाखवला. हा बदमाश शेपटी हलवत अध्यक्षांचे पांढरे बूट चाटायला लागला. त्यावर अध्यक्ष आणखीच भडकले. तिच्यासाठी स्थळ ठरलेलं होतं, सात पिढ्या वाया गेल्या, वगैरे. इथपर्यंत ठीक. मग म्हणाले, "मालकीणच बेजबाबदार असणार. जिला साधं एक जनावर सांभाळता येत नाही—"

"एक मिनिट." हे. आवाज चढवला नाही. "ती माझी ताई आहे. आमच्या आईला शेवटची दोन वर्षं तिने एकटीने सांभाळलं. उचलून, धुऊन, भरवून. तिला सांभाळता येत नाही म्हणता? आणि सातवा नियम तुम्हीच लिहिलात ना?"

म्हणजे सोफा ऐकत होता!

अध्यक्ष गेले. हे दाराशी तसेच उभे. आपण काय बोललो ते स्वतःलाच आत्ता ऐकू आल्यासारखे. मी मागे धावले. मेण करपलं होतं.

९ एप्रिल

वन्सं इतक्या हसल्या की नर्स धावत आली. "म्हणजे मी वरमाई! आणि इथे पडलेय पाय टांगून! मानपान कोण घेणार?"

मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तो काय म्हणाला?"

"कोण, भाऊ?"

"कोणता भाऊ ते तुला कळतंय."

सांगितलं. शब्दाला शब्द. वन्संनी तोंड भिंतीकडे केलं. तिकडेच बघत म्हणाल्या, "पाणी दे." दिलं. प्यायल्या नाहीत.

१२ एप्रिल

ह्यांनी विचारलं, "ते कुंपण किती लांब आहे?"

१३ एप्रिल

हे कुंपणात! शर्ट इस्त्रीचा, जसं काही मुलगी बघायला निघालेत. एका बाकावर हे, समोरच्या बाकावर अध्यक्ष, मध्ये अबोला. केस कापणारी मला कोपरखळी मारून म्हणाली, "हे खरे भाऊ?" "मूळ प्रत," मी म्हटलं.

भाऊ चिखलाने माखून आला आणि दोन्ही पाय ह्यांच्या मांडीवर. मला वाटलं आता आरडाओरडा. ह्यांनी त्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाले, "ए भाऊ. खाली उतर." मग ओशाळल्यासारखं हसले.

फाटकं दोन्ही वेळा त्यांनीच लावली.

२० एप्रिल

हे दवाखान्यात गेले होते. एकटे. मी विचारलं नव्हतं, येऊ का. त्यांनी म्हटलं नव्हतं, चल. दिवेलागणीला परत आले, बूट न काढता स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"आईनेच सांगितलं होतं."

"काय?"

"दवाखाना नको. नळ्या नकोत. ताईकडून शपथ घेतली होती. आणि म्हणाली होती, भाऊला सांगू नकोस. तो हट्ट धरेल, आणि मला त्याला नाही म्हणता येणार नाही."

गॅस बंद केला मी.

"मी ताईला म्हटलं, मग चार वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, तू विचारलं कुठे होतंस? तू निकालच दिलास."

मग हे रडले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. रडायचं कसं ते माहीत नसल्यासारखे रडत होते, मोठमोठ्याने, नाक वाहवत. भाऊ पळत आला आणि त्यांच्यावर भुंकायला लागला. "त्याला गप्प कर," हे म्हणाले. "कोणाला?" मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं! पण हसले. रडता रडता हसले.

२१ एप्रिल

सकाळी उठले तर सोफा रिकामा. दोरीही नाही, कुत्राही नाही.

१८ मे

वन्सं आमच्याकडे आल्या. स्वतःच्या घरचे तीन मजले चढणं आता होणार नाही म्हणे. ह्यांनीच ठरवलं, ह्यांनीच आणलं. माझं दातांचं सामान एका भिंतीला सरकवून मागच्या खोलीत त्यांची खाट टाकलीय. सकाळी म्हणाल्या, "रात्रभर तुझे जबडे माझ्याकडे बघून हसतात गं."

"तुम्ही पण हसा."

बहीणभावांची भांडणं चहाच्या पहिल्या घोटाला सुरू होतात. पंखा किती जोरात, पाव किती भाजायचा, लहानपणी डबक्यात कोणी कोणाला ढकललं. वन्संनी हाक मारली की दोघंही "ओ" देतात. एक भुंकून, एक कुरकुरून. मला दुपारी काम करायला शांतता नाही. मी तक्रार केली. कोणी ऐकली नाही.

८ जून

पाच!

अध्यक्षांचा सकाळी सातला फोन. आवाज असा की सातही पिढ्या विसरलेत. "तीन पांढरी, दोन तुमच्या भाऊवर गेलीत. कानच सांगतात." दुपारी फोटो घेऊन स्वतः आले. वन्संनी त्यांना खाटेसमोर बसवून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "व्याही, आमच्याकडची दोन आम्हाला हवीत."

"एक," अध्यक्ष म्हणाले.

"दोन," हे म्हणाले. "आणि तुमच्या त्या सातव्या नियमाबद्दल आम्ही कुठे बोलणार नाही."

तासभर घासाघीस. चहा दोनदा झाला. शेवटी दीडावर आले — एक घरी आणायचं, एक त्यांच्याकडे राहील पण नाव हे ठेवणार. ह्यांनी नाव लगेच सांगितलं नाही. म्हणाले, "विचार करून सांगतो."

२७ जून

बरेच दिवस लिहिलं नाही.

हे गेले. पंधरा तारखेला, सकाळी, कुंपणात. बाकावर बसल्या बसल्या. मला वाटलं डुलकी लागलीय. मी कोपराने ढोसून म्हटलं, इथे तरी झोपू नका हो, लोक बघतायत.

डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल.

आज पहाटे वन्सं काठी टेकत माझ्या खोलीत आल्या. दिवा लावला. म्हणाल्या, "ऊठ. त्याला बाहेर न्यायचंय."

मी म्हटलं, तुम्हाला एवढं चालवणार नाही.

"तुलाही नाही चालवणार. म्हणून दोघी जाऊ."

दोरी मी धरली. माझा दंड त्यांनी.